दिव्यांग ताईचं मत आणि उमेदवाराला विचारायचा प्रश्न



या महिन्याचा पाठ मतदानाचा आहे. आपल्या गटातली, गावातली दिव्यांग बहीण मत द्यायला जाते का? गेली तर कुणाच्या सांगण्यावरून देते? आणि दारात मत मागायला आलेल्या माणसाला तिने काय विचारावं? हे आज समजून घेऊ. त्यासाठी थोडं लांब, अमेरिकेत जाऊन येऊ. तिथल्या दिव्यांगांनी आणि आजारी माणसांनी "आमच्या आजारावरच्या संशोधनाला तुम्ही पाठिंबा देणार का?" हा एकच प्रश्न निवडणुकीत लावून धरला होता. त्यांना कुठे यश आलं, कुठे हार पत्करावी लागली, हे दोन्ही आपल्या कामाचं आहे.

आधी आपल्या घरची गोष्ट

आमच्या गटात एक ताई आहे. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून एक पाय अधू. शिवणकाम करते. गटाचं हिशेबाचं पुस्तक तीच लिहिते, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. गेल्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी संध्याकाळी तिच्या बोटाला शाई दिसली नाही, म्हणून विचारलं. म्हणाली, "घरातले सगळे सकाळीच ट्रॅक्टरवर बसून गेले. मला म्हणाले, तुझ्या एका मताने काय अडतंय, कशाला हाल करून घेतेस."

प्रचाराच्या दिवसांत तीन वेळा गाड्या तिच्या दारावरून गेल्या. "घरात मतं किती?" एवढं सासऱ्यांना विचारून माणसं पुढे गेली. तिच्याशी कुणी बोललंच नाही.

आता खरं सांगायचं तर चूक आमचीही झाली. आम्ही मतदान जागृतीची फेरी काढली, रांगोळ्या घातल्या, घोषणा दिल्या. पण हिला केंद्रावर न्यायचं कसं, हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. म्हणून हा पाठ.

संशोधनाचा आपल्याशी काय संबंध?

तुम्ही म्हणाल, संशोधन म्हणजे मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळा. आपला काय संबंध?

आपल्या गावात पोलिओने पाय गेलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या बाया-माणसं दिसतात. पण पोलिओ झालेलं लहान मूल दिसतं का? भारतात जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. हे आपोआप झालं नाही. आशाताई, अंगणवाडीताई घरोघर फिरल्या, आपण लेकरं घेऊन बूथवर गेलो. पण त्याच्याही आधी कुणीतरी ती लस शोधून काढावी लागली.

पोलिओची पहिली लस परिणामकारक ठरल्याचं अमेरिकेत १९५५ साली जाहीर झालं. डॉक्टर जोनास सॉल्क यांची ती लस. त्या संशोधनाचा पैसा कुठून आला? मोठा भाग सामान्य माणसांच्या खिशातून. 'मार्च ऑफ डाइम्स' नावाची मोहीम होती. डाइम म्हणजे तिथलं दहा सेंटचं छोटं नाणं. लोकांनी एकेक नाणं पाठवलं आणि त्यातून लस उभी राहिली. आपल्या बचतीसारखंच झालं हे.

पण दरवेळी नाण्यांवर भागत नाही. मोठ्या संशोधनाला सरकारचा पैसा लागतो. तो कशाला द्यायचा आणि कशाला नाही, हे निवडून आलेली माणसं ठरवतात. म्हणजे कुठल्या आजाराचं औषध शोधलं जाईल, यात मताचाही वाटा असतो.

सुपरमॅनची खुर्ची

अमेरिकेत ख्रिस्तोफर रीव्ह नावाचा नट होता. सिनेमात तो सुपरमॅन व्हायचा, आकाशात उडायचा. मे १९९५ मध्ये तो घोड्यावरून पडला आणि मान मोडली. मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलं. श्वाससुद्धा यंत्राने घ्यावा लागे.

तो घरात बसून राहिला नाही. चाकांच्या खुर्चीत बसून सभांना गेला. १९९६ साली एका मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात बोलला. मणक्याच्या दुखापतीवरच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा, ही त्याची मागणी होती.

त्या काळी तिथे मूलपेशींवरून, म्हणजे स्टेम सेलवरून मोठा वाद होता. मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून शरीराच्या निरनिराळ्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी. बियाण्याचं समजा. शास्त्रज्ञांना आशा होती की त्यांच्यातून मज्जातंतू, मधुमेहात बिघडणाऱ्या पेशी पुन्हा तयार करता येतील. पण यातल्या काही पेशी अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या गर्भापासून घ्याव्या लागत. तो गर्भ नष्ट होतो, म्हणजे जीवहत्या होते, असं अनेकांचं मत होतं. ऑगस्ट २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी केंद्र सरकारच्या पैशावर मर्यादा घातली. त्या दिवसापर्यंत तयार असलेल्या पेशींवरच तो पैसा वापरता येणार होता.

मग रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक कामाला लागले. कॅलिफोर्निया राज्यात कायद्याचा प्रस्ताव थेट जनतेच्या मताला टाकता येतो. रॉबर्ट क्लाइन नावाच्या एका बापाने यात पुढाकार घेतला. त्याच्या मुलाला लहानपणापासूनचा मधुमेह होता. राज्याने दहा वर्षांत मूलपेशी संशोधनासाठी ३०० कोटी डॉलर उभे करावेत, असा प्रस्ताव क्रमांक ७१ मांडला गेला. मधुमेह, पार्किन्सन, मणक्याची दुखापत अशा आजारांचे रुग्ण आणि घरची माणसं प्रचारात उतरली. रीव्हनेही पाठिंब्याची जाहिरात करून ठेवली. १० ऑक्टोबर २००४ रोजी तो वारला. २ नोव्हेंबरला मतदान झालं आणि सुमारे ५९ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला.

आता दुसरी बाजू बघा. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाचीही निवडणूक होती. संशोधनाला उघड पाठिंबा देणारे उमेदवार जॉन केरी हरले. एकाच दिवशी राज्यात जिंकले, देशात हरले. पण ती माणसं थांबली नाहीत.

मिसूरीची लढत

दोन वर्षांनी, २००६ मध्ये मिसूरी राज्यात सिनेटची निवडणूक लागली. सिनेट म्हणजे आपल्या राज्यसभेसारखं सभागृह, पण तिथे सदस्य थेट लोकांच्या मतांनी निवडून येतात. क्लेअर मॅककॅस्किल या बाईंनी मूलपेशी संशोधनाला पाठिंबा दिला होता. त्यांच्या विरोधातले जिम टॅलेंट यांचा गर्भातल्या पेशी वापरायला विरोध होता.

ऑक्टोबर महिन्यात टीव्हीवर एक जाहिरात आली. त्यात मायकल जे. फॉक्स हा नामवंत नट होता. त्याला पार्किन्सन म्हणजे कंपवात आहे. बोलताना त्याचं सगळं अंग हलत होतं. ते त्याने लपवलं नाही. आम्हाला आशा देणाऱ्या संशोधनाला या बाईंचा पाठिंबा आहे, म्हणून त्यांना निवडा, असं त्याने सांगितलं. रेडिओवरच्या एका मोठ्या निवेदकाने त्याची खिल्ली उडवली. हा नाटक करतोय, नाहीतर मुद्दाम गोळ्या न घेता आलाय, म्हणाला. देशभर गदारोळ झाला.

७ नोव्हेंबरला निकाल लागला. मॅककॅस्किल दोन-अडीच टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. त्याच दिवशी संशोधनाला संरक्षण देणारी राज्यघटनेतली दुरुस्तीही ५१ टक्क्यांच्या आसपास मतांनी पास झाली. एका जाहिरातीने निवडणूक जिंकली असं म्हणता येणार नाही, निकालामागे इतरही मुद्दे होते. पण मतं इतकी काठावर असली की प्रत्येक घरातलं एकेक मत मोलाचं होतं, हे मात्र दिसतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीत तर एका मताने माणसं पडलेली आपण पाहतो. मग "एका मताने काय अडतंय" हे कसं खरं?

सगळे दिव्यांग एका बाजूला नव्हते

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. जोनी एरेक्सन टाडा नावाच्या एक बाई आहेत. १९६७ साली पाण्यात सूर मारताना मान मोडली, तेव्हापासून हातपाय लुळे. रीव्हसारखंच दुखणं. पण त्यांनी गर्भातल्या पेशींच्या संशोधनाला विरोध केला, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. आणखी काही दिव्यांग कार्यकर्ते रीव्हवर नाराज होते. त्यांचं म्हणणं, "बरं होण्याचं पुढे बघू. आज आम्हाला रॅम्प हवा, नोकरी हवी, घरी मदतीला माणूस हवं."

म्हणजे दिव्यांगांची मतंही एकगठ्ठा नसतात. तुमची-माझी तरी कुठे असतात? दिव्यांगांनी अमक्यालाच मत द्यावं, असं कुणी सांगायला आलं तर ते चुकीचंच. त्यांनी स्वतःचा प्रश्न विचारावा, उत्तर ऐकावं आणि स्वतः ठरवावं.

आणखी एक. वीस वर्षं होऊन गेली, तरी मोडलेला मणका पूर्ण बरा करणारं औषध अजून सर्रास मिळत नाही. संशोधनाला वेळ लागतो. मधल्या काळात जपानच्या शिन्या यामानाका यांनी साध्या पेशींपासून मूलपेशींसारख्या पेशी बनवण्याची रीत शोधली. गर्भाला हात लावायची गरज त्यात नाही. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणून "मला निवडून द्या, दोन वर्षांत बरं करतो" म्हणणारा फसवतोय असं समजा. "संशोधन चालू राहील याची तजवीज करतो" म्हणणाऱ्याचं नीट ऐकून घ्या.

चार पायऱ्या

अमेरिकेतल्या दिव्यांगांची 'रेव्ह अप' नावाची एक मतदार मोहीम आहे. टेक्सास राज्यात सुरू झाली, मग देशभर गेली. ती कुणा एका पक्षाची नाही. तिच्या नावातच चार कामं आहेत: नाव नोंदवा, माहिती घ्या, मत द्या, आपली ताकद वापरा. हीच चार कामं आपल्या गटाला लावून बघू.

पहिली पायरी: नाव नोंदवा. गावातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येक दिव्यांग बहिणीचं आणि भावाचं नाव मतदार यादीत आहे का, ते बघा. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्तीसाठी नमुना ८. या अर्जांत दिव्यांगत्वाची नोंद करायची जागा असते, ती कोरी सोडू नका. नोंद असली की केंद्रावर कुणाला काय मदत लागेल ते आधी कळतं. बीएलओंना गटाच्या बैठकीला बोलवा. १९५० या क्रमांकावरही विचारता येतं. स्मार्टफोन असेल तर निवडणूक आयोगाचं 'सक्षम' हे अॅप दिव्यांगांसाठीच आहे.

दुसरी पायरी: माहिती घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. फक्त हातपाय आणि डोळे नाहीत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही त्यात आहेत. मतदान केंद्रं आणि निवडणुकीची माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशी असावी, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. रॅम्प ही कुणाची मेहेरबानी नाही.

तिसरी पायरी: मत द्या. लोकसभा-विधानसभेला ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदाराला घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-डी भरावा लागतो, तोही निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. हे पाच दिवस हातचे गेले की संपलं, म्हणून प्रमाणपत्र आणि कागद आधीच तयार ठेवा. मग अधिकारी घरी येऊन मत घेतात. एकदा घरून मत द्यायचं ठरलं की मग केंद्रावर जाऊन देता येत नाही. ज्यांना केंद्रावरच जायचंय त्यांच्यासाठी गटाने रिक्षा, खुर्ची, सोबत आदल्या दिवशीच ठरवावी.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी यंत्रावर ब्रेल खुणा असतात. ज्यांना स्वतः बटण दाबता येत नाही, त्यांना सोबत माणूस नेता येतो. सोबतीचं वय अठराच्या वर हवं. त्या दिवशी त्याने एकाच मतदाराला सोबत करायची आणि मत गुप्त ठेवायचं लिहून द्यायचं. सोबत कुणाला न्यायचं हे त्या ताईने ठरवायचं. नवरा, दीर, पुढारी यांनी नाही. तिने सांगितलेलं बटण न दाबता स्वतःच्या मनाचं दाबणं हा तिचा विश्वासघात आहे.

चौथी पायरी: ताकद वापरा. म्हणजे प्रश्न विचारा. मतदानाच्या आधी विचारा, निकाल लागल्यावर पुन्हा विचारा.

आपला प्रश्न कोणता?

अमेरिकेत मूलपेशींचा प्रश्न होता. आपल्याकडे सिकलसेलचं उदाहरण घ्या. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागात आणि विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे. लेकरू अंग दुखून रात्रभर रडतं, वारंवार रक्त कमी होतं, शाळा बुडते. एके काळी यावर फारसं काही हातात नव्हतं. मग मुळात कॅन्सरसाठी वापरलं जाणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध सिकलसेलच्या दुखण्याचे झटके कमी करतं, हे संशोधनातून सिद्ध झालं. आज ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जाते. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली आहे.

मग आमदार-खासदार व्हायला निघालेल्यांना असं विचारता येईल:

– आमच्या आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी आणि गोळ्या बाराही महिने मिळाव्यात म्हणून तुम्ही काय करणार?

– या आजारांवरच्या संशोधनाला जास्त पैसा मिळावा, असं तुम्ही सभागृहात मांडणार का? आजवर मांडलंय का?

– संशोधनात आमच्या भागातली माणसं घेतली, तर निघालेलं औषध आम्हाला परवडेल का?

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत प्रश्न वेगळा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. ज्या पातळीची निवडणूक, त्या पातळीचा प्रश्न.

दोन ठिकाणी सावध राहा

पहिलं, औषधाच्या नावाखाली लूट. मूलपेशींनी मतिमंदत्व घालवतो, लुळा पाय चालता करतो, असं सांगून लाखो रुपये मागणारे आपल्याकडेही आहेत. रक्ताच्या काही ठरावीक आजारांत होणारं प्रत्यारोपण मान्य आहे, पण अशा सरसकट उपचारांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत मान्यता नाही. शेत गहाण टाकण्याआधी, गटातून कर्ज काढण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारा. संशोधनाला पाठिंबा द्यायचा म्हणजे असल्या जाहिरातींवर विश्वास ठेवायचा असं नाही.

दुसरं, गटाचा वापर. आपला गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ कुणाच्या प्रचाराला जुंपायचा नाही. बैठकीत अमुक चिन्हाला मत द्या असा ठराव घ्यायचा नाही, गटाचा पैसा प्रचारात वापरायचा नाही. उमेदवाराकडून साडी, पैसे, भांडी घेऊन मत देणं हा गुन्हा आहे. प्रश्न मात्र सगळ्या उमेदवारांना तोच विचारायचा. मिळालेली उत्तरं वहीत जशीच्या तशी लिहून सर्वांना वाचून दाखवायची. पुढचं ज्याचं त्याचं.

आमच्या गटाने काय ठरवलं

त्या ताईला आम्ही बैठकीत पहिल्यांदाच विचारलं, "तुला उमेदवाराला काय विचारायचंय?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझा पाय आता बरा होणार नाही, ते मला माहीत आहे. पण माझ्या भाचीला सिकलसेल आहे. तिच्यासाठी काय करणार, ते विचारायचंय. आणि ते मीच विचारणार."

इतिवृत्तात तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घेतला. पुढच्या निवडणुकीत तिला कोण नेणार, रिक्षा कुणाची, नमुना कोण आणणार, हेही लिहून ठेवलं. प्रचाराची गाडी दारात आली की थांबवायची, ही जबाबदारी शेजारच्या दोघींनी घेतली.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात दिव्यांग मतदार किती? गेल्या वेळी किती जणांनी मत दिलं? न दिलेल्यांना काय अडचण आली?

२. आपल्या गटात दिव्यांग सदस्य आहे का? नसेल तर का नाही?

३. रीव्ह आणि टाडा यांचं दुखणं सारखं, मत वेगळं. आपल्या घरात असं झालं तर आपण दुसऱ्याचं मत मानतो का?

४. आपल्या भागातला कोणता आजार असा आहे, ज्यावर संशोधन व्हावं असं तुम्हाला वाटतं? उमेदवाराला विचारायचा एक प्रश्न सगळ्यांनी मिळून तयार करा आणि वहीत लिहा.

तुमच्या गटाने तयार केलेला प्रश्न ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत नक्की आणा. तो वाचायला दिव्यांग ताईलाच उभं करा.